एक केळं, चार बिस्किटं

प्रिय बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस, अप्पा ठीक आहेत. फोनवर आपलं बोलणं 'काय चाललंय' आणि 'चाललंय' एवढ्यातच आटपतं, आणि मला सांगायचंय ते लांबलचक आहे, म्हणून लिहायला बसले. दुपारची वेळ आहे. अप्पा खुर्चीत ताठ बसून खिडकीच्या चौकटीकडे बघतायत. ती त्यांनीच केलेली, पण आठ महिने घरात बसून त्यांना तिच्यात रोज नवी खोट सापडते.

आधी मिल्कशेकचं सांगते. हो, मिल्कशेक! जन्मभर रंधा मारलेला, चहापलीकडे कुठलंही पेय न मानणारा आपला सुतार बाप हल्ली दिवसातून दोनदा केळं-बिस्किटांचा मिल्कशेक खातो. पितो नव्हे, खातो. चमच्याने.

झटका आल्यावर त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि बोलणं जड झालं, ते तू पाहिलंस. गिळणं बिघडलं ते मात्र तू गेल्यावर कळलं. पाण्यासारखं पातळ काही दिलं की ते श्वासनलिकेत उतरायचं. खाण्यासाठी नाकातून घातलेली नळी काढली तेव्हा हॉस्पिटलातून एक पावडर दिली. चहा, पाणी, दूध, जे द्यायचं ते तिने दाट करून द्यायचं. पहिल्या दिवशी मी चहात घालून दिली. अप्पांनी एक चमचा तोंडात घेतला, पाटी मागितली आणि लिहिलं, 'सरस'. मी अशी हरखले म्हणून सांगू! अप्पांकडून कौतुक, आणि तेही माझ्या चहाचं! माझा चेहरा बघून त्यांनी पाटी परत ओढली आणि शब्दाखाली लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं काढून दाखवलं. ब्रशासकट.

त्यानंतर त्यांनी तोंडच मिटून घेतलं. मी पेज दिली, सूप दिलं, हातापाया पडले, ओरडलेसुद्धा. दोन महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं. सदरा खुंटीला टांगल्यासारखा खांद्यावर लोंबायचा. डॉक्टर म्हणाले, महिनाभरात वजन वाढलं नाही तर थेट पोटात नळी घालावी लागेल. अप्पांनी ते नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. नको. नळी नको, आणि खाणंही नको. म्हणजे काय नको, ते मला बरोब्बर समजलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. ग्रंथालयातून आले, स्वयंपाकाचं त्राण नव्हतं. ओट्यापाशी उभ्या उभ्याच चॉकलेटची क्रीम बिस्किटं खात होते, तेच माझं जेवण. मागे वळून बघते तर अप्पा माझ्या हाताकडे एकटक बघतायत. त्यांनी उजवा हात पुढे केला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं होतं, आणि मागितलं ते नेमकं बंदी असलेलं. कोरडं बिस्किट म्हणजे घशात भुगा. मग मला मिक्सर आठवला. आठवतं ना, लहानपणी मिल्कशेक करताना आपण दोघांनी झाकण न लावता तो चालू केला होता आणि छतावर केळ्याचा सडा पडला होता? अप्पा स्टुलावर चढून छत पुसत होते, आणि आई बघत नाही असं पाहून त्यांनी बोट चाटलं होतं. त्यांना ते आवडलं होतं, बारक्या. आपण तेव्हा खाली भीतीने उभे होतो, म्हणून लक्षात आलं नाही.

पहिला मिल्कशेक मात्र माझ्या अंगाशी आला. हौसेने आइस्क्रीमही घातलं होतं. दुसऱ्याच चमच्याला ठसका लागला, चेहरा काळानिळा पडला. मी पाठीवर थापट्या मारत होते आणि मनात म्हणत होते, मारलं मी यांना. गिळायला शिकवणाऱ्या बाई घरी येतात (मी त्यांना मनातल्या मनात गिळणबाई म्हणते), त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. पण नंतर पदर खोचून ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मागितलंय ना त्यांनी? मग करूया. नीट करूया."

तर नीट लिहून घे. चार बिस्किटं अर्धा कप कोमट दुधात दहा मिनिटं भिजू द्यायची, अगदी लगदा होईपर्यंत. एक पिकलेलं केळं, शिरा काढून. कधी उकडून थंड केलेल्या सफरचंदाची फोड. सगळं मिक्सरमधून दोनदा काढायचं आणि मग गाळणीतून घासून घ्यायचं, एक कणसुद्धा राहता कामा नये. आइस्क्रीम आणि बर्फ अजिबात नाही, तोंडात वितळून त्याचं पाणी होतं. चमचा तिरका केला की गोळा सावकाश घसरला पाहिजे. धार लागली तर पातळ, चिकटून बसला तर घट्ट. भरवताना ते ताठ बसलेले हवेत, हनुवटी किंचित खाली. अर्धा चमचा द्यायचा आणि कंठमणी वर जाऊन खाली येईपर्यंत पुढचा उचलायचा नाही. अधूनमधून 'आ' म्हणायला लावायचं. आवाज ओला, घरघरता आला तर थांबायचं. नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही, कितीही डोळे वटारले तरी.

त्या दिवशी त्यांनी सोळा चमचे खाल्ले. सतरावा मी खाल्ला. महिन्याच्या शेवटी वजन दीड किलो वाढलं आणि नळीचा विषय बंद झाला. आता पाटीवर शेरे येतात. 'बिस्किट कमी पडलं.' 'काल बरा होता.' आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात तुला ऐकवायचे तसेच.

आता अवघड भाग. हॉस्पिटलात तू दोन दिवस त्यांच्या पलंगाशी उभा होतास आणि त्यांनी एकदाही तुझ्याकडे पाहिलं नाही. तोंड फिरवून पडले होते. सात वर्षांपूर्वी तू केलेल्या खुर्चीला त्यांनी गिऱ्हाइकासमोर 'जळण' म्हटलं आणि तू घर सोडलंस, तो राग अजून गेला नाही, असं तू समजलास. मीही तेच समजले. तू न सांगता निघून गेलास. पुढे गिळणबाईंनी मला वाटी डावीकडे ठेवताना पाहिलं आणि म्हणाल्या, "उजवीकडे ठेवा. डावीकडचं जग त्यांच्या मेंदूला सध्या कळतच नाही. माणूस उभा असला तरी कळत नाही." बारक्या, तू दोन्ही दिवस डावीकडे उभा होतास. उजवीकडे भिंत होती. मी अप्पांना विचारलं, बारक्या आला होता ते आठवतं का? त्यांना माहीतच नव्हतं.

हे मला पाच महिन्यांपूर्वी कळलं. मी तुला सांगितलं नाही. वेळ नव्हता असं म्हणू शकते, पण ते खोटं आहे. मला तुझा राग आला होता. तुला रुसून निघून जाता येतं, मला येत नाही, म्हणून म्हटलं, बसू दे याला तिकडे वाईट वाटून घेत. एका वाटीला तासभर लागायचा तेव्हा मी तो राग चघळत बसायचे. चूक झाली माझी. माफ करायचं की नाही ते तू ठरव.

आणि हे आज का लिहिलं, तेही सांगते. जुन्या पुस्तकांचे कागद दुरुस्त करायचं शिक्षण घ्यायला ग्रंथालय मला आठ आठवडे बाहेरगावी पाठवतंय. दोन वर्षांपूर्वी मी नाही म्हटलं होतं. या वेळी हो म्हणून कळवून टाकलंय. पुढच्या गुरुवारी सकाळी निघते. तोवर गिळणबाई तुला चार दिवस शिकवतील, म्हणजे तू रविवारी इथे हवास. विचारत नाही, सांगतेय. काल अप्पांना भरवताना तू येणार हे सांगितलं. त्यांनी तोंडातला घास संपवला आणि मग ते जड जिभेने, पण स्वच्छ म्हणाले, "भांडेल तो." मी म्हटलं, "भांडू दे की." त्यावर ते हसायला लागले, खांदे हलवून. हसताना भरवायचं नसतं, म्हणून मी चमचा हातात धरून थांबले.

तुझीच,
ताई