बाबांची मूळव्याध

सुकापूर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हौसा हिस काशिरामदादाचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, दारात आलो तर आतून कडी लावतेस, म्हणून कित्येक वर्षांनी हातात पेन घेतलं. आम्ही सगळे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा तेवढा कुरकुरतो. भावेशचं लग्न वैशाखात धरलं आहे. मुलगी रुचिरा, बँकेत नोकरीला आहे. आत्या नसेल तर पोराची हळद कशी व्हायची, तूच सांग.

खरं काम वेगळं आहे. खांदा कॉलनीतल्या डॉक्टर मितालीबाई आता अख्ख्या घराच्या फाइली कॉम्प्युटरवर एकमेकींना जोडतात. एकाचा आजार कळला की दुसऱ्याला तो व्हायच्या आधीच तपासता येतं, असं त्या म्हणाल्या. आपल्या हृतिकच्या रक्तात जो दोष सापडला, तो त्याच्या फाइलमध्ये आहे. ती जोडली तर भावेशची नेमकी तपासणी होईल. पण हृतिक आता नाही, म्हणून आई या नात्यानं तुझी सही लागते. भावेशजवळ विषय काढला की तो उठून जातो. लग्नाचं घर आहे, बाहेर वाच्यता नको. तू गुपचूप सही करून टाक.

रागावलीस तरी पाठची बहीण आहेस. माया आटू देऊ नकोस.

तुझा,
काशिरामदादा


करंजाडे,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर अजून वळणदार आहे, शाळेत उगाच नाही बक्षीस मिळालं. त्यात 'गुपचूप' तर तू फारच सुरेख काढलं आहेस.

माझा हृतिक आठ महिने रक्त जाऊन जाऊन सुकत होता. बाबांच्या आजारपणात मुंबईच्या हॉस्पिटलात तूच होतास, म्हणून मी तुला फोन केला. तू म्हणालास, काय नाय गो, आपल्या घरात मूळव्याध हाय, बाबांना पण होती, पोराला सुरण दे. मी दिला. चिरताना माझे हात कोपरापर्यंत खाजायचे आणि तो मुकाट्यानं खायचा. शेवटी हॉस्पिटलात नेला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का. मी छातीठोकपणे नाही म्हणाले. सव्विसाव्या वर्षी पोर गेलं.

हा आजार रक्तातून येतो, हे मला तो गेल्यावर कळलं. माझ्या रक्तात तो कुठून आला, ते आता तू सांग. बाबांना काय झालं होतं, तुला कधीपासून माहीत होतं आणि माझा फोन आला तेव्हा तुझ्या मनात काय होतं, हे सगळं स्वतःच्या हातानं लिही. मग सहीचं बघू. तोवर भावेशचं पोट दुखलं तर बाजारात सुरण मिळतो.

शेवटी लोभाचं लिहायची रीत आहे. माझ्याजवळ तो उरलेला नाही.

हौसा


सुकापूर,
२ मार्च २०२५

चि. सौ. हौसा हिस आशीर्वाद.

तीन कागद फाडले, हा चौथा. बाबांना आतड्याचा कॅन्सर होता. २००९ सालापासून मला माहीत आहे. कागद माझ्या कपाटात, कपड्यांच्या खाली आहेत. तेव्हा आपल्या दिपिकाची सोयरीक जुळत आली होती. घराण्यात असला आजार आहे म्हटलं की माझ्या लेकीला कोण करतं? म्हणून मूळव्याध सांगितली. आई जाईपर्यंत तिलाही तेच सांगितलं. पुढे सांगता सांगता मलाच ते खरं वाटू लागलं.

तुझा फोन आला त्या आठवड्यात भावेशला मुलगी बघत होतो. मनात आलं होतं, हौसाला सांगावं. मग वाटलं, पोराचं लग्न ठरू दे, हृतिकला काय होतंय. एवढंच, हौसा. ह्यापेक्षा जास्त काही नव्हतं.

आता सही कर. मला हवी ती शिक्षा दे, पण माझ्या पोराचे दिवस असे घालवू नकोस. रात्रंदिवस तेच डोक्यात असतं. तुझ्या पाया पडतो.

काशिराम


करंजाडे,
९ मार्च २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

सही मी संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी केली. तुझं पहिलं पत्र यायच्या महिनाभर आधी. भावेशला मीच बोलावून घेतलं होतं. माझा गेला म्हणून तुझा मारीन, एवढी मी तुझ्यासारखी नाही.

त्याच्या रक्तात तोच दोष निघाला. दुर्बीण घालून आतड्यातल्या तीन गाठी काढल्या. कॅन्सर अजून झाला नव्हता. दोन-तीन वर्षं गेली असती तर झाला असता, असं मितालीबाई म्हणाल्या. आता दर वर्षी तपासायचं. त्या दिवशी रुचिरा सोबत होती. तिला भावेशनं सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, की पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच घेऊन ठेवू. ज्या भीतीपायी तू माझं पोर घालवलंस, ती तिनं एका वाक्यात निकालात काढली.

आम्ही सगळे जोडले गेलो आहोत. मी, दिपिका, तिची पोरं, भावेश. आपली फाइल कोणी बघायची ते ज्याचं त्यानं सांगायचं असतं. भावेशनं बापाचं नाव दिलं नाही. तसं मी सुचवलं, आणि तो लगेच हो म्हणाला. दोन महिने तुझ्या घरात तुझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. वहिनीलासुद्धा. आपल्या लेकराच्या पोटात काय चाललंय हे ठाऊक असलेला माणूस समोर बसून गप्प राहतो, ते कसं असतं, हे तुला कळायला हवं होतं.

तुझं परवाचं पत्र मी मितालीबाईंना दिलं. बाबांच्या आजाराचा आमच्या हाती तेवढाच पुरावा होता. त्यांनी त्याचा फोटो काढून आम्हा सगळ्यांच्या फाइलींना जोडला. घरातलं कुठलंही पोर पुढे तपासायला गेलं की आधी तुझं वळणदार अक्षर वाचेल.

बाबांचं रक्त तुझ्यातही आहे. मंगळवारी सकाळी आठला तुझी वेळ घेतली आहे, उपाशीपोटी जा. ही माया समजू नकोस. गाठ निघाली तर काढून घे, औषधं वेळेवर खा. तू नव्वदीपर्यंत जगावंस, दादा, आणि त्यातला एकही दिवस हृतिकशिवाय जाऊ नये.

हौसा