त्या दिवसाची लाईन

अप्पा,

आज सोमवार. सकाळपासून लातूरच्या घरी कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. दुपारी उदगीरहून दादाचा फोन आला, तुमच्या पुण्यतिथीच्या जेवणाचं विचारायला. बाकी काही घडलं नाही.

समुद्राच्या तळाखाली उथळ थरांत तेल कुठे आहे त्याची चित्रं काढायची, हे माझं काम तुम्हाला कधी पटलं नाही. तुम्ही अडतीवर माल तपासणारे. पोत्याच्या तळापर्यंत सळई खुपसायची, हरभरा काढून दाताखाली फोडायचा, मगच तोंड उघडायचं. मी सांगितलं होतं, जहाजावरून पाण्यात आवाज सोडतो, मागे ओढलेल्या लांब केबलवर त्याचा पडसाद टिपतो, त्यावरून थर कळतात. तुम्ही हसलात. "खुपसायचं न्हाई, चाखायचं न्हाई, आन् म्हनं खाली तेल हाय! आमच्या अडतीत तुला दारात उभं करनार न्हाईत."

सध्या जुन्याच नोंदींवर नव्या पद्धतीनं काम चालू आहे. पूर्वी जिथं एक जाड पट्टा दिसायचा, तिथं आता चार पातळ थर वेगळे दिसतात. आज तुम्ही गेलात त्या दिवसाची लाईन समोर आली. लाईन म्हणजे जहाजाची एक सरळ फेरी. लाटा असल्या की उथळ थर गढूळ येतात. त्या दिवशी समुद्र अगदी शांत होता. मी जहाजावर होतो. तिथल्या साहेबांनी तुम्ही गेल्याचा निरोप सांगितला आणि विचारलं, "केबल आत घेऊ का? तुला किनाऱ्याला सोडतो." मी म्हणालो, "लाईन संपू द्या." ती संपली, दुसरी सुरू झाली. मी नोंदी बघत बसलो. तिसऱ्या दिवशी उतरलो तोवर तुम्हाला माती दिली होती.

दादा आजही म्हणाला, "तुझी ती कंपनी! बापाच्या मातीला सुदिक सोडलं न्हाई. मान्सं हायत का जनावरं?" मी "हाव" म्हणालो. इतकी वर्षं तेच म्हणत आलोय. का थांबलो, ते मला तेव्हाही कळलं नाही. रडू आलं नव्हतं. आजही आलं नाही. चित्र फार स्वच्छ आलंय. तपासून मंजूर केलं.

हे खरं तर दादाला लिहायचं होतं. वर आधी 'दादा' अशी त्यालाच हाक लिहिली होती. ती खोडून तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उलट विचारणार नाही.

आता कागद घडी करून ठेवतो. तांदूळ धुवायचेत, कुकर लावायचाय.