वाघजाईच्या राईत धनेशाचा फोटो

बुधवार, ता. १० मार्च १९२६

पाय गेले! पौडापासून चालत — कॅमेरा, तिपाई, फोटोच्या काचा, सगळं माझ्याच अंगावर. वाट दाखवायला बिरू धनगर होता, पण त्याच्या खांद्यावर आधीच एक लंगडं कोकरू. "ह्याला चालाय येत न्हाई, मास्तर. तुमाला येतंय की!" बरोबरच आहे म्हणा.

काम सोपं आहे (निदान पुण्यात तसं वाटलं होतं). वाघजाईची राई कोळशाच्या ठेकेदाराला तोडायची आहे. पाटलांनी मान डोलावली, होळी झाली की कुऱ्हाडी येणार. राईत धनेश पक्ष्यांची जोडी आहे. मादीनं ढोलीत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेतलंय, नर बाहेरून फळं भरवतो. संपादक म्हणाले, "तो फोटो आणा, पहिल्या पानावर छापतो. मग बघू कोण झाडाला हात लावतो!" खालची गावं धरणात जाणार, ती जाणारच. ही राई तरी राहावी असं मला फार वाटतं.

कॅमेरा शाळेचा. ओरखडा आला तर नोकरी गेली!

गुरुवार, ११

सहा काचा आणल्यात. पहिलीवर बिरूची पाठ. मध्ये का आलास रे? "फोटूत मानूस नको व्हय? नुस्त्या झाडाचा कोन काढतंय!"

दुसरीवर त्याची बकरी. समोरून नाही.

शुक्रवार, १२

बिरू म्हणतो, आधी आईका, मग बघा. डोळे मिटून बसलो. तासाभरानं वरून आवाज — लोहाराचा भाता चालावा तसा! धनेशाचे पंख! अंगावर काटा आला. धडपडत कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरलो, तिपाईत पाय अडकला, आणि मी, कॅमेरा, कापड — सगळे करवंदीच्या जाळीत. नर चोचीतलं फळ घेऊन तसाच परत गेला. दिवसभर फिरकला नाही.

शनिवार, १३

आज कहर! भिंगावर कुंकू! बोटभर जाड! तिपाईपाशी नारळ! गुरवाची चंद्राबाई देवीची पूजा करायला रोज येते, तिचंच काम. एक डोळा, तीन पाय, काळं वस्त्र, पुढं वाकलेला मी — बाईला देवच वाटला असणार. मी खूप ओरडलो. भोळी माणसं!

पुसण्याच्या गडबडीत तिसरी काच उन्हात उघडी पडली. नर आजही नाही. नारळ खाल्ला.

रविवार, १४

ठेकेदाराची दोन माणसं झाडांना चुन्याच्या खुणा करायला आली. मी कापडाच्या आत होतो. बाहेरून ऐकू आलं —

"ह्ये काय हाय?"

चंद्राबाई: "तिपाया देव. नवा हाय. लई कडक."

"हालतंय की!"

"हालनारच. उपाशी हाय."

नेमकी तेव्हाच मला शिंक आली. अशी आली की सगळी तिपाई थरथरली! डोकं बाहेर काढून पाहतो तर चुन्याचं मडकं फुटलेलं, माणसं ओढ्यापार!

संध्याकाळी बिरूनं बातमी आणली — मजुरांनी ठेकेदाराला साफ सांगितलं, तो देव आहे तोवर राईत पाऊल टाकणार नाही. पोट धरधरून हसलो. उद्या उरलेल्या तीन काचा, मग पुणं.

सोमवार, १५

नर आलाच नाही. कंटाळून तिपाई मिटायला लागलो तर चंद्राबाई आडवी. "कॅमेरा ऱ्हाऊ द्या, मास्तर."

कॅमेरा म्हणाली! म्हणजे ठाऊक होतं? "पौडात सायबानं काढलाय की माजा फोटू." मग कुंकू कशाला फासलं? "तुमी जावं म्हून. तुमी आल्यापास्नं नर ढोलीवर येत न्हाई. आत मादी उपाशी. सारखी हाक मारतीया, आईकलं न्हाई व्हय?"

नाही ऐकलं. माझं डोकं कापडात होतं.

"त्यो कॅमेऱ्याला भीत न्हाई. तुमाला भितोय. कॅमेऱ्याला भित्यात ते ठेकेदाराचं मजूर."

कॅमेरा तिथंच ठेवला. ओढा ओलांडतोय तोच डोक्यावरून पंख वाजत गेले — ढोलीकडे.