पोटॅशियम एकटंच आलं

ती. दादांस सविनय नमस्कार.

आपली आणि वहिनींची तब्येत ठणठणीत असेल, अशी आशा आहे. डॉक्टरांना तब्येत विचारणं म्हणजे आचाऱ्याला ‘जेवलात का?’ विचारण्यासारखं, तरी विचारतो. माझा रक्तदाब आपल्या कृपेने उतरला आहे. आपण सुचवलेलं कमी सोडियमचं मीठ मी महिनाभर नेमाने खातो आहे. हे पत्र त्या मिठाबद्दलच आहे.

गेल्या सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेत लवकर पोचलो, देवाचं नाव घेतलं, काकडी कापली आणि शिशाच्या पेटीतून मिठाची बरणी काढली. (मीठ पेटीत का, ते सांगतो. त्या खोलीची हवा यंत्रासाठी कोरडी ठेवतात. बाहेर मिठाला पाणी सुटतं. पेटीत कोपरा रिकामा होता. माणूस एवढाच विचार करतो.)

आमचं काम तुमच्या एक्स-रेच्या उलट. तुमच्याकडे किरण माणसावर सोडतात, इथे दगडच किरण सोडतो. गाळाचा खडक, म्हणजे दगड झालेली जुनी वाळू, कुटून त्या पेटीत ठेवायचा आणि त्यात पोटॅशियम, युरेनियम, थोरियम किती आहे ते मोजायचं. त्यावरून ओळखायचं, की ही वाळू कोणत्या डोंगरातून वाहत आली. आमच्या टेकडीवरची वाळू जवळच्या काळ्या खडकातली, असं विभागप्रमुख बाईंचं मत. दूरच्या ग्रॅनाइटच्या डोंगरातून एखाद्या जुन्या नदीने आणलेली, असं माझं. माझं मत कॉलेज सोडल्यापासूनचं, म्हणजे तुमच्या बहिणीशी झालेल्या लग्नापेक्षाही जुनं. ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम भरपूर असतं आणि या महिन्यात आकडे एकाएकी माझ्या बाजूने झुकले. मोठ्या सभेत व्याख्यान ठरलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं. मी देवाचे मनापासून आभार मानले.

एक खडा मात्र टोचत होता. ग्रॅनाइटच्या घरून कुणी आलं, तर पोटॅशियम आणि थोरियम सहसा जोडीने येतात. इथे थोरलं पोटॅशियम आलं होतं, धाकट्या थोरियमचा पत्ता नव्हता. मी मनाला समजावलं, येईल मागून.

त्या सोमवारी मी बरणी टेबलावरच विसरलो. दुपारी खात्रीसाठी तोच दगड पुन्हा मोजला, तर पोटॅशियम निम्म्यावर! दगड तोच, यंत्र तेच, मधे फक्त एक काकडी. मग डोक्यात उजेड पडला. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घालतात, आणि पोटॅशियम किरण सोडतं, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवतो. पण शिकवण्याचं डोकं वेगळं, जेवणाचं वेगळं.

बरणी खिशात घालून गप्प बसणं सोपं होतं. दोन दिवस बसलोही. देवासमोर हात जोडले की शब्द फुटेना. शेवटी बाईंपुढे बरणी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्या आधी पांढऱ्या पडल्या, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, “खाल्ल्या मिठाला जागलात हो!” मग उठून स्वतः चहा करून आणला. आता व्याख्यान त्या देणार, वाळू जवळचीच ठरणार. सभेत चुकीचं बोलण्यापासून मी वाचलो. मागितलेलं मिळालं तेव्हा आभार मानले होते, ते परत गेलं त्याचेही मानले. (दुसऱ्या खेपेला जरा वेळ लागला.) आपलेही आभार. साधं मीठ दिलं असतंत, तर दगडांच्या नादी लागलंच नसतं, पण माझा रक्तदाब वर असता.

आपला,
मेहुणा

ता. क. : खरं काम राहिलं. तुमच्या बहिणीने गल्लीभर सांगितलंय, की आमच्या ह्यांनी जुनी नदी शोधून काढली. व्याख्यानासाठी साडीही काढून ठेवली आहे. तिला सांगायला माझी जीभ उचलत नाही. आपण थोरले, फोनवर हळूच सांगाल का?

ता. ता. क. : फोन करू नका. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात ती आली. “दादाला एवढं काय लिहिताय? माझ्याशी तर दोन वाक्यं बोलत नाही!” मी तिला समोर बसवलं आणि सांगून टाकलं.