सोड्याच्या पिंपातली हवा

बाबा, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी सोड्याची बाटली फोडली की मी आधी कान देते आणि मग घोट घेते, तुम्ही शिकवलंत तसं. पालघरचा आपला कारखाना म्हणजे पत्र्याची खोली, एक पिंप, हातपंप आणि सोड्यात भरायच्या गॅसचा सिलिंडर. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, बोईसरचा कँटीनवाला रोज चार क्रेट उचलायला लागला, आणि घर जरा बाळसं धरू लागलं. तोच कँटीनवाला एका सकाळी दारात उभा आहे. "चाचा, आवाज बड़ा करता है, पर मुँह में सिर्फ पानी. कल भी ऐसा निकला तो दूसरे से लूँगा." तुम्ही पिंपावरच्या दाबाच्या काट्यावर बोट आपटता, "साठावर हाय ना काटा? मंग कमी काय हाय?" तो गेल्यावर मात्र रिकाम्या क्रेटवर बसून म्हणालात, "माझा हातच गेला वाटतं."

माझी शाळा सातवीला सुटलेली, पण बाटल्या धुता धुता भावाचं विज्ञानाचं पुस्तक मी वाचून काढलं होतं. मी कोळशाने भिंतीवर मांडलं. काटा बाहेरच्या हवेच्या दाबाचे पंधरा पौंड धरत नाही, म्हणजे आत एकूण पंच्याहत्तर. एका पिंपात दोन वायू कोंडले की दोघं आपापल्या वाट्याचा जोर लावतात, काटा नुसती बेरीज दाखवतो. पंधरा कोंडलेल्या हवेचे, गॅसचे पंच्याहत्तरऐवजी साठच. पाण्याच्या वाफेचा अर्धा पौंड मी सोडून दिला.

"म्हंजे हवा फुकट बसून जागा खाते?"

"आणि पाण्यात धड मुरतही नाही, बाबा."

तुम्ही पिंपातली हवा घालवायचा वरचा कॉक या वेळी जास्त वेळ उघडा ठेवलात, गॅस आत सोडून हवा पुरती हाकललीत, मगच कॉक बंद करून काटा साठावर नेलात. दुसऱ्या दिवशी कँटीनवाल्याच्या नाकाला झिणझिण्या आल्या आणि चारही क्रेट गेले. कौतुक माझं केलंत, दोष स्वतःकडे घेतलात. "कॉक मीच लवकर बंद करत असणार. वय झालं." त्यानंतर कारखाना होता तोवर दर पिंपाला तुम्ही तो कॉक तीनतीनदा चाचपून बघायचात.

बाबा, तुमचं काही चुकत नव्हतं. तुम्ही गिऱ्हाइकाकडे वळलात की मीच तो कॉक हळूच फिरवून बंद करून टाकायचे. महागाचा गॅस फुस्स करून जाताना बघवत नसे. हिशेब मांडतानाच मला माझी चूक उमगली. सांगणार होते, पण तुम्ही आईला बजावत होतात, भिंतीवरचं ते पुसायचं नाय म्हणून. मला ते कौतुक हवं होतं.