पालक स्वयंसेवकाची सावधगिरी

३ जानेवारी, शनिवार

आज शाळेत पालक सभा झाली. मी शेवटच्या रांगेत, दाराशी बसलो होतो. कुठंही गेलो की दाराशीच बसतो. भूकंप सांगून येत नाही.

माझ्या लेकीच्या, रुद्राणीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सुकेशनी मॅडम येणारे कार्यक्रम वाचत होत्या. बारा तारखेला आरोग्य तपासणी. सव्वीसला झेंडावंदन. सात फेब्रुवारीला पिंगळी रेल्वे स्टेशनची क्षेत्रभेट. एकवीसला वनभोजन. प्रत्येक कार्यक्रमाला पालक स्वयंसेवक लागणार, कोण कोण येतंय, हात वर करा, म्हणाल्या. सगळे पालक आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागले.

नेमकी तेव्हाच एक गांधीलमाशी माझ्या टकलाभोवती घोंगावू लागली. मी तिला हाकलायला हात वर केला. मग दुसरा पण केला.

मॅडम म्हणाल्या, "वा, वीरुपाक्ष अप्पा! दोन्ही हात? म्हणजे सगळ्याच कार्यक्रमांना ना?"

टाळ्या वाजल्या. मॅडमनी नाव लिहून टाकलं. माशीचा खुलासा करणार होतो, पण मॅडम चष्म्यावरून बघतात तेव्हा माझा आवाज आत जातो. शिस्तीचा आदर, दुसरं काय.

४ जानेवारी, रविवार

नीट विचार केला. झालं ते उत्तम झालं. झरीसारख्या गावात झेरॉक्सचं दुकान चालवणारा माणूस हा एका अर्थानं शिक्षणाचाच माणूस. शाळेला माझ्यासारख्याची गरज होतीच.

राजेश्री मात्र भाकरी थापता थापता हसत सुटली. म्हणाली, "आवं, पाल दिसली की तुमी काउंटरवर चढताव. शाळेची चौतीस लेकरं काय सांभाळताव?"

बायकोला भीती आणि सावधगिरी यातला फरक कळत नाही. मी भित्रा नाही. मी सावध आहे. लग्नाला बारा वर्षं झाली, हे एवढं एकच मी तिला समजावू शकलो नाही.

संकल्प : रोज आरशासमोर छाती काढून पाच मिनिटं उभं राहणे.

५ जानेवारी

आरशामागे पाल आहे. संकल्प स्थगित.

१२ जानेवारी, सोमवार

आरोग्य तपासणी. काम अगदी किरकोळ होतं. लेकराच्या बोटाला सिस्टर सुई टोचणार, तेव्हा लेकराचा दुसरा हात धरायचा आणि गोड बोलायचं.

पहिली आली दुसरीतली रोहिणी. दोन वेण्या, चिमणीएवढी. मी म्हणालो, बेटा, घाबरायचं नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. सिस्टरनी सुई टोचली. लाल थेंब वर आला. गोल. चमकत होता. हळूहळू मोठा होत होता.

त्यानंतर मी लेकरांच्या पातळीवर यावं म्हणून खाली बसलो असणार. कारण डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर होतो आणि पोषण आहार शिजवणाऱ्या चतुराबाई माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या. म्हणाल्या, "अप्पा, सुई पोरीला टोचली. तुमी कामून पडलाव?"

रोहिणी माझा हात धरून बसली होती. मला म्हणाली, "झालं, झालं. मुंगी गेली."

कारण साधं आहे. सकाळी नाश्ता केला नव्हता.

(केला होता. दोन वेळा मुरमुऱ्यांचा सुशीला. पण तो पचला असणार.)

१३ जानेवारी

धम्मानंद दुकानात आला. त्याचा पोरगा चौथीत आहे, तो पण पालक स्वयंसेवक. धंद्यानं लाईनमन. भर पावसात खांबावर चढतो. मी विचारलं, बाबा, भ्या वाटत नाही का? तो म्हणाला, "लय वाटतं की. म्हणून तर पट्टा दोनदा तपासतो."

बिचारा. मनानं कच्चा दिसतो. क्षेत्रभेटीत त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल.

२६ जानेवारी, सोमवार

आज माईक माझ्याकडं होता. एकच वाक्य म्हणायचं होतं. मी म्हणायचं, "भारत माता की", लेकरांनी म्हणायचं, "जय". आठ दिवस गिरणीजवळच्या बोळात सराव केला होता. तिथली म्हैस साक्षीदार आहे.

झेंडा फडकला. राष्ट्रगीत झालं. मॅडमनी खूण केली. मी माईक तोंडाजवळ नेला. समोर सगळं गाव. सरपंच, पोलीस पाटील, बालवाडीची लेकरं, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. जीभ टाळूला चिकटली. छातीत कोणीतरी डबा बडवत होतं आणि तो आवाज माईकमधून ऐकू येतोय असं मला वाटलं. मी तसाच उभा. माईक तसाच. मॅडम तशाच.

थोड्या वेळानं पहिल्या रांगेतल्या लेकरांनी माना खाली घातल्या. मग मागच्यांनी. मग सरपंचांनी टोपी नीट केली आणि हात जोडले. सगळ्या गावानं दोन मिनिटं स्तब्धता पाळली.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे जवळ आले. डोळे ओले. म्हणाले, हुतात्म्यांची आठवण ठेवलीस, लय बरं केलंस.

तेव्हा माझ्या मते कार्यक्रम यशस्वी. रुद्राणी घरी येताना चार पावलं मागं चालत होती. थकली असेल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या पिंगळी. एसटीची गाडी ठरली आहे. झरीहून परभणी, परभणीहून पिंगळी. बऱ्याच लेकरांनी रेल्वे अजून पाहिलेली नाही. चार मोठी माणसं : मॅडम, एक गुरुजी, धम्मानंद आणि मी.

संभाव्य धोक्यांची यादी केली. एकेचाळीस निघाले. रूळ, विजेची तार, माकडं, केळ्याची साल, फेरीवाल्याचं गरम तेल, अनोळखी कुत्रं, ओळखीचं कुत्रं. यादी मॅडमना व्हॉट्सअॅपवर पाठवली. त्यांनी अंगठा पाठवला.

संकल्प : उद्या एकाही लेकराचा हात सोडायचा नाही. लिहून सही केली.

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ६

तीनदा संडासला जाऊन आलो. रात्रीच्या वांग्याचा परिणाम. राजेश्री म्हणाली, "भ्या वाटत असंल तर सांगून टाका मॅडमला. काय खाणार हायत का त्या?" मी म्हणालो, भीतीचा प्रश्नच नाही. तिनं डबा हातात दिला.

रुद्राणी नवी रिबीन लावून दारात उभी आहे. तिनं वर्गात सांगितलंय, माझे बाबा येणार आहेत.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी

क्षेत्रभेट यशस्वी. सर्व मुलं सुखरूप. पॅसेंजर पाहिली. एक्सप्रेस पण पाहिली. एक्सप्रेस जाताना मी प्लॅटफॉर्मची मागची बाजू सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी थोडा वेळ तिकडं गेलो होतो. सुरक्षित होती.

८ फेब्रुवारी, रविवार

रुद्राणी माझ्याशी बोलत नाही. बोलते, पण "पाणी द्या" एवढंच. दोनदा जवळ बोलावलं, आईच्या मागं जाऊन बसली. ऊन लागलं असावं.

९ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मी सोडून कोणी वाचत नाही. म्हणून लिहितो.

पॅसेंजर येऊन गेली तोवर सगळं ठीक होतं. लेकरांनी टाटा केला, गाडीतल्या माणसांनी पण केला. मग स्टेशन मास्तर बाहेर आले. म्हणाले, आता एक्सप्रेस येतेय, थांबणार नाही, लेकरांना पार मागं भिंतीपाशी घ्या. मॅडमनी शिट्टी वाजवली. माझ्या उजव्या हातात रोहिणी होती, डाव्या हातात रुद्राणी. सगळे मागं सरकत होतो.

आधी पायाखालची फरशी हलली. तळपायातून काहीतरी वर चढलं, गुडघ्यापर्यंत, मग पोटात. लांब एक काळा ठिपका दिसला. तो मोठा होईना होईना आणि एकदम मोठा झाला. भोंगा वाजला. तो कानात वाजला नाही, दातांत वाजला. मला वाटलं ही रुळावरून नाही, सरळ माझ्याकडंच येतेय.

मी दोन्ही हात सोडले आणि पळालो.

ठरवून नाही. पाय माझे नव्हतेच. थांबलो तेव्हा मी पाण्याच्या टाकीमागं होतो, डोळे मिटून, दोन्ही हात कानांवर. गाडी जातच होती, जातच होती. मी मनात सगळ्या देवांची नावं घेतली. रुद्राणीचं नाव घेतलं नाही. ते नंतर आठवलं.

मग शांत झालं. मॅडम मोजत होत्या. एकतीस, बत्तीस, तेहेतीस, चौतीस. सगळी आहेत. आणि मग धम्मानंदचा आवाज, "अप्पा कुठंयत?"

टाकीच्या कडेनं पाहिलं, तर धम्मानंद प्लॅटफॉर्मच्या काठावर उभा राहून खाली रुळाकडं बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मॅडमनी तोंडावर पदर धरला होता. "मी इथं हाय" एवढं म्हणायचं होतं. तेवढंही तोंडातून निघालं नाही. लेकरं भिंतीपाशी उभी राहून ओरडू लागली, "अप्पाऽ, ओ अप्पाऽ!"

मला रोहिणीनं शोधलं. टाकीमागं आली, बघितलं. माझं बोट धरलं आणि सगळ्यांसमोर घेऊन आली.

धम्मानंद शिव्या देईल वाटलं. तो नुसता खाली बसला.

आज रुद्राणीनं शेवटी तोंड उघडलं. दप्तर भरता भरता विचारलं, "बाबा, तुमी माझा हात कामून सोडलाव?"

मी म्हणालो, सोडला नाही बाळा, घामानं निसटला.

ती म्हणाली, "रोहिणीचा पन निसटला?"

मी म्हणालो, हो.

तिनं दप्तराची चेन लावली. म्हणाली, "मी धरला मग रोहिणीचा. ती रडायली होती." आणि शाळेत गेली.

दुकान अकरा वाजता उघडलं. गिऱ्हाईकाला आधार कार्डाच्या मागच्या बाजूची झेरॉक्स द्यायची राहून गेली.

१० फेब्रुवारी

कालचं पान फाडणार होतो. फाडलं नाही. मागच्या बाजूला धोक्यांची यादी आहे, ती पुढं उपयोगी पडेल.

१२ फेब्रुवारी

निर्णय : वनभोजनात सगळी भरपाई करायची. या वेळी रेल्वे नाही, सुई नाही, माईक नाही. नुसती आमराई आणि खिचडी. आमराईत मी वाघ आहे. राजेश्रीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आमराईत आग्या मव्हळ हाय म्हनं."

खामखा धास्ती घालते.

मोहोळ जमिनीपासून किती उंच असतं ते मोबाईलवर पाहिलं.

१४ फेब्रुवारी

रुद्राणीला म्हणालो, मी भ्यालो होतो. एवढंच. दुकानात कोणी नव्हतं, ती खडू घ्यायला आली होती. तिनं विचारलं, लय? मी म्हणालो, लय. तिनं काउंटरवर हनुवटी टेकवली. मग म्हणाली, खडू रंगीत द्या.

तिच्या लक्षात आलं नसावं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सुकेशनी मॅडम सकाळी दुकानात आल्या. उद्याच्या वनभोजनाची यादी, चाळीस प्रती पाहिजेत. मी छाती काढून कागद घेतला आणि आधी वरचा रकाना पाहिला. पालक स्वयंसेवक : धम्मानंद, चतुराबाई, राजेश्री.

राजेश्री! मला घरात कोणी बोललं नाही.

म्हणालो, मॅडम, टायपिंगची चूक दिसतेय, नवऱ्याच्या जागी बायको पडली. मॅडम म्हणाल्या, "चूक नाही अप्पा. या वेळी जोड्या मुलांनीच ठरवल्यात. वर्गात चर्चा केली, हात वर करून मतदान घेतलं. खाली बघा, तुमचं नाव आहे."

खाली मुलांची यादी होती. दोघा दोघांच्या जोड्या. सगळ्यात शेवटी, चौतीस मुलांच्या खाली :

३५. रुद्राणीचे बाबा. जोडीदार : रोहिणी, इयत्ता दुसरी. सूचना : रोहिणीने हात सोडू नये.

विचारलं, ही सूचना कोणाची? मॅडम म्हणाल्या, "रुद्राणीची. ती म्हणाली, बाबांना घरी ठेवू नका, त्यांना यायचंय. फक्त कोणीतरी धरायला पाहिजे." चष्म्यावरून बघितलं नाही त्यांनी. मशीनकडंच बघत होत्या.

चाळीस प्रती काढल्या. पहिल्या दोन तिरक्या आल्या, त्या बाजूला काढून पुन्हा काढल्या. शेवटची ओळ सगळ्या प्रतींत स्वच्छ आली आहे.

दुपारच्या सुट्टीत रोहिणी दुकानाच्या पायरीवर आली. उद्या आठ वाजता गेटवर या, म्हणाली. उशीर केला तर गाडी थांबणार न्हाई. चप्पल नको, बूट घाला. आणि हात धुऊन या, मला चिकट हात आवडत न्हाईत.

बरं, म्हणालो.