राजापेठेच्या खिडक्या

हैदराबाद, मंगळवार

चि. योगेश,

तुले अन् रागिणीले दादाचा आशीर्वाद. आई वेळेवर जेवते ना?

मी बरा आहे. अक्षर किती दिसतं ते कळावं म्हणून इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रोज पानभर लिहायला सांगितलंय. म्हणून फोन असूनही तुझ्या नशिबी पत्र आलं. डोळ्यापुढचं धुकं थोडं विरळ झालंय. लाल रंग मात्र विटका दिसतो. काल टमाट्याची चटणी मी शेंगदाण्याची समजून खाल्ली.

दारू पितो का, असं बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "बाई, चहाशिवाय काही शिवलं नाही," मी म्हणालो. लाकडी फर्निचरच्या पॉलिशचं काम ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. आपण पॉलिशची लाख ज्यात विरघळवतो, त्या स्वस्त स्पिरिटात मिथेनॉल निघालं. ते श्वासातून, कातडीतून अंगात जातं अन् डोळ्याच्या पडद्यातल्या नसा मारतं. आपण तर धूळ बसू नये म्हणून खोली बंद करून पॉलिश मारतो, वरून हातही स्पिरिटानेच धुतो. सुजलेली नस सुधारते, मेलेली नाही. माझ्या किती वाचल्या, ते पुढे कळेल. आईला सांगू नको.

तुझ्याकडे त्याच स्पिरिटाची कॅन आहे. परवा फोनवर मी खिडक्या उघडायला सांगितल्या, तर तू म्हणालास, "दादा, खिडक्या उघड्याच हायेत." भर दुपारी राजापेठेच्या गजबजलेल्या रस्त्यावर आपलं दुकान, अन् मागे एक हॉर्न नाही? डोळे अधू झाले रे, कान शाबूत आहेत.

काम थांबव. फुटपाथवरून उभं केलेलं दुकान आहे, पुन्हा उभं करू. पत्र मिळताच फोन लाव, अन् मले हॉर्न ऐकू येऊ दे.

तुझा,
दादा